ब्रेक मोठे नकोत, ताजे हवेत

भोरहून महाडला निघालेला रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याला बिलगून बराच वेळ वळसे घेत राहतो. चढ असतो, पण गाडीचा दम काढणारा नसतो. वाघजाईच्या देवळापाशी, कावळ्या किल्ल्याच्या कुशीत, घाटमाथा संपतो आणि समोर एकदम कोकण उघडते. बहुतेक गाड्या इथे थांबतात. चहा होतो, भजी होतात, फोटो निघतात. वरंधा घाटाची खरी उतरण सुरू होते ती यानंतर.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण शिवथरघळीला निघालो होतो. डिकी सामानाने भरलेली. मी गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सोडून प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत उतरत होतो. शहरात चालवतो तसाच. माझेरीच्या अलीकडे आईने विचारले, "काहीतरी जळतंय का रे?" मला वाटले, बाहेरचा वास असेल. पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा खाली गेले. त्याच्या पुढच्या वळणावर आणखी खाली. पायाखाली स्पंज दाबल्यासारखे लागत होते. घाईघाईने गिअर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी कशीबशी उभी केली.

मागून आलेल्या जीपचा चालक उतरला. चाकाजवळ वाकून त्याने वास घेतला आणि विचारले, "ब्रेक ऑइल कधी बदललंय, दादा?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तो म्हणाला, "अर्धा तास थांबा. चाकावर पाणी मारू नका. आणि आता दुसऱ्यातच उतरायचं, तिसरा टाकायचाच नाही."

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखे घट्ट झाले. महाडला एका मेकॅनिकने गाडी चालवून पाहिली. त्याला काहीच दोष सापडला नाही. ब्रेक घाटात जातो आणि सपाटीवर परत येतो, आणि परत आला म्हणून माणूस ती गोष्ट विसरून जातो. मी ती विसरलो नाही. तेव्हापासून जे वाचले, मेकॅनिकांना विचारले आणि स्वतः करून पाहिले, ते इथे मांडतो आहे.

ब्रेक गाडी थांबवतो, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो गाडीच्या गतीची उष्णता करतो. पॅड डिस्कवर घासतात, डिस्क तापते आणि ती उष्णता वाऱ्यावर जाते. गती चौपट-पाचपट नव्हे, फक्त दुप्पट केली तरी निवारायची ऊर्जा चौपट होते. म्हणून ताशी ४० ऐवजी ८० च्या वेगात थांबायला ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर चौपट लागते. आणि ब्रेक दाबायला एक सेकंद उशीर झाला, तर ८० च्या वेगात गाडी तेवढ्यात २२ मीटर पुढे गेलेली असते.

घाटात मात्र वेगापेक्षा उंचीचा हिशेब मोठा आहे. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १५०० किलो आहे आणि ती ५०० मीटर उंची उतरते आहे, असे समजा. या उतरण्यात सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेत २३ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. दुसऱ्या बाजूने पाहा. हीच गाडी ताशी ८० च्या वेगातून एकदा पूर्ण थांबवली, तर ब्रेकमध्ये सुमारे पावणेचार लाख ज्यूल जातात. म्हणजे तो घाट केवळ ब्रेकवर उतरणे हे ८० च्या वेगातून वीस वेळा, अधे-मधे नीट गार होऊ न देता, गाडी जागेवर थांबवण्यासारखे आहे. शहरात महिनाभर चालवली तरी असा प्रसंग येत नाही.

त्यातही भार चारही चाकांवर सारखा पडत नाही. ब्रेक लागला की गाडी पुढे झुकते, वजन पुढच्या चाकांवर येते, म्हणून साधारण सत्तर टक्के काम पुढचे ब्रेक करतात. आपल्या बहुतेक कौटुंबिक गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, त्याचे हेच कारण. पुढच्या दोन डिस्क मिळून दहाएक किलो बीड असेल. सगळी उष्णता त्यातच अडकून राहिली असती, तर डिस्कचे तापमान हजार अंशांवर गेले असते. वारा ती काढून घेत असतो म्हणून तसे होत नाही. पण घाटातला वेग कमी असतो, वारा कमी लागतो, आणि उष्णता येतच राहते.

तापमान वाढले की दोन गोष्टी घडतात, आणि त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली पॅडची. पॅडमधले घर्षणद्रव्य एका मर्यादेपलीकडे तापले की त्यातली बंधक राळ जळू लागते आणि पकड कमी होते. पेडल घट्टच राहते, पण कितीही जोराने दाबले तरी गाडी हवी तशी आवरत नाही. मेकॅनिक म्हणतात, "लायनर जळालं". वास येतो तो याचाच. त्यानंतर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला, तर गार झाल्यावरही ब्रेक नीट पकडत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची, आणि माझ्या मते आपल्याकडे ती जास्त दुर्लक्षित आहे. पेडलवरचा दाब चारही चाकांपर्यंत द्रवातून पोचतो. द्रव दाबला तरी आक्रसत नाही, म्हणूनच ही सगळी यंत्रणा चालते. पास्कलचा नियम शाळेत शिकलो तो इथे रोज पायाखाली असतो. गॅरेजमध्ये सगळे याला ऑइल म्हणतात, पण ते खनिज तेल नाही. ग्लायकॉल वर्गातले हे रसायन हवेतला ओलावा शोषते. टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांतून महिन्यामागून महिने अगदी थोडे थोडे पाणी त्यात शिरत राहते. वेल्ह्यासारख्या, पावसाळ्यात भिंतींना ओल सुटणाऱ्या गावात गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर हे अधिकच लक्षात ठेवावे.

डॉट ३ प्रतीच्या नव्या कोऱ्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू मानकानुसार किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. तापलेल्या पॅडमागच्या पिस्टनपर्यंत उष्णता पोचली आणि जुने, पाणी मुरलेले ऑइल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली की आक्रसते. पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो, पॅडपर्यंत काही पोचत नाही आणि पेडल तळाला जाते. गाडी उभी राहिली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल वर येते. वरंध्यात माझे नेमके हेच झाले होते. भोरला परतल्यावर टाकीचे झाकण उघडले, तेव्हा आतले ऑइल काळ्या चहासारखे दिसत होते. गाडी घेतल्यापासून ते एकदाही बदललेले नव्हते. दर सर्व्हिसिंगला कोणी तरी वरून थोडे ओतले होते, एवढेच.

वरून ओतण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागे जास्त ऑइल राहते, म्हणून टाकीतली पातळी खाली जाते. पातळी कमी दिसली तर आधी पॅड किती उरले आहेत ते पाहायचे, मग गळती आहे का ते पाहायचे. न पाहता ओतले तर झिजलेल्या पॅडची खूण आपणच पुसून टाकतो.

ब्रेक बदलायचे म्हणजे काय काय बदलायचे? नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटर जाडीचा असतो. घर्षणद्रव्य तीन मिलिमीटरवर आले की तो काढावा. फक्त सपाट रस्त्यावर जाऊन-येऊन असणाऱ्याने थोडे ताणले तर एक वेळ चालेल. ज्याला आंबाडखिंडीतून मांढरदेवीला किंवा पाबे घाटातून पुण्याला सारखे जावे लागते, त्याने ताणू नये, कारण पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनकडे लवकर जाते. अनेक पॅडना पत्र्याची एक छोटी पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. तो आवाज म्हणजे बिघाड नाही, सूचना आहे. खरखर आवाज येऊ लागला, तर लोखंडावर लोखंड घासते आहे असे समजावे आणि गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्यावी.

पॅड नेहमी एका धुरीच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या खाली गेलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा वापरू नये. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, आणि घाटात आपल्याला नेमकी तीच साठवण हवी असते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावले आहे का, ते विचारावे. तिथे गंज धरला की एकच पॅड झिजतो आणि दुसरा तसाच राहतो. माझ्या अनुभवात घाईत सर्वांत जास्त वेळा हेच काम गाळले जाते. मागच्या ड्रममधले लायनर सावकाश झिजतात म्हणून ते कोणी उघडतच नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ड्रम उघडून आतला चिखल आणि धूळ काढायला सांगा. ती धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नका, श्वासात जाते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

नवे पॅड घातल्या घातल्या घाटात जाऊ नये. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० च्या वेगातून १५-२० पर्यंत आठ-दहा वेळा हलकेच वेग कमी करावा, दोन वेळांमध्ये थोडे अंतर चालू द्यावे. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि मगच पूर्ण पकड येते. पहिले दोन-अडीचशे किलोमीटर जपून चालवावी. आणि मेकॅनिकने काम संपवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट झाले का ते पाहावे. मागे ढकललेला पिस्टन पहिल्या दाबात पॅडपर्यंत पोचत नाही.

आता मोठ्या ब्रेकबद्दल. घाटात माझ्यासारखा अनुभव आला की मनात पहिला विचार येतो, चांगले ब्रेक बसवून घेऊ. मीही मोठ्या डिस्क, मागे ड्रमच्या जागी डिस्क, स्टीलची जाळी असलेल्या नळ्या अशी सगळी चौकशी केली. मोठ्या डिस्कचा फायदा खरा आहे. जास्त बीड म्हणजे जास्त उष्णता साठते, आणि मोठा पृष्ठभाग ती लवकर सोडतो. १९५३ च्या ल मांसच्या शर्यतीत जग्वारच्या गाड्या डिस्क ब्रेक लावून जिंकल्या, त्या वारंवार जोरात ब्रेक मारूनही पकड टिकली म्हणूनच. पण गाडी टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोराने थांबवता येत नाही. आजच्या कोणत्याही धड गाडीचे मूळ ब्रेक चाक जाम करण्याइतके ताकदवान असतातच. त्यामुळे मोठ्या ब्रेकने एका थांब्याचे अंतर फारसे घटत नाही. गुळगुळीत झालेले टायर बदलल्याने ते नक्की घटते.

शिवाय ब्रेक एकटा नसतो. पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल, मास्टर सिलिंडरचा व्यास, बूस्टर, एबीएसचा हिशेब हे सगळे कारखान्यात एकमेकांशी जुळवलेले असते. मागचे ब्रेक प्रमाणाबाहेर जोरदार झाले तर ओल्या वळणावर गाडीची शेपूट सुटते. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे लागू होते असा निकाल दिला. अपघात झाला तर विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवू शकते. म्हणून मी शेवटी एकच सुधारणा केली. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी होती, म्हणून डॉट ३ च्या जागी डॉट ४ भरले आणि दर दोन वर्षांनी पावसाळ्यानंतर पूर्ण बदलायचे ठरवले. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ते या दोन्हींत मिसळायचे नाही. नाव जवळचे आहे म्हणून दुकानात चूक होऊ शकते.

बाकीची सुधारणा डाव्या हाताची, म्हणजे गिअरची. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, असे घाटातले चालक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत, आणि त्यामागचे शास्त्र पक्के आहे. खालच्या गिअरमध्ये चाके इंजिनाला फिरवतात, आणि ती ५०० मीटरची ऊर्जा इंजिनात आणि त्याच्या रेडिएटरमधून बाहेर जाते. ब्रेकसाठी फक्त वळणापुरते काम उरते. घाट सुरू होण्याआधी, वेग वाढण्याआधी गिअर खाली आणायचा. नंतर घाईत आणताना चुकण्याची शक्यता असते. ऑटोमॅटिक गाडीतही मॅन्युअल किंवा खालच्या गिअरची सोय असते, ती नेमकी इथे वापरायची. विजेच्या गाडीत मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरते आणि तोच ब्रेक होतो. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती ऊर्जा घ्यायला जागा नसते आणि हा आधार कमी पडतो. घाटमाथ्यावरून निघताना शंभर टक्के चार्ज करू नये.

इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलवर उतरणारे अजून भेटतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकून पाय काढला की इंधन जवळजवळ पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवायला ते द्यावेच लागते. म्हणजे वाचत काहीच नाही. आणि इंजिन बंद केले तर बूस्टरला मिळणारा निर्वात थांबतो. साठलेल्या निर्वातावर एक-दोन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पेडल दगडासारखे घट्ट होते आणि स्टिअरिंगही जड होते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या एका ट्रकमुळे ४८ वाहनांचे नुकसान झाले. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे बोलले गेले. नंतरच्या तपासात, चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे पोलिसांनी सांगितले. नसरापूर, खेड शिवापूरकडून पुण्यात येणारे आपण सगळे रोज त्याच उतारावरून जातो.

पावसाचे दोन शब्द. ओढ्याचे पाणी ओलांडले किंवा रस्त्यावरच्या डबक्यातून गेलो, की ब्रेकवर पाण्याचा थर बसतो. डिस्क तो लगेच झटकते, ड्रमला वेळ लागतो. पुढे मोकळा रस्ता पाहून हलकेच ब्रेक दाबत थोडे अंतर चालवावे. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, घाबरू नये. गाडी चार-पाच दिवस ओलीत उभी करायची असेल तर हँडब्रेक न लावता गिअर टाकून चाकाला दगड लावावा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. त्यात पेडल थरथरले तर पाय काढू नका, तसाच दाबून ठेवा आणि गाडी वळवा. मात्र खडीवर किंवा दरडीच्या मातीवर एबीएसने अंतर कमी होत नाही, तिथे आधीच वेग उतरवावा लागतो.

तापलेल्या चाकावर पाणी मारू नका, हे त्या जीपवाल्याने सांगितले होते त्याचे कारण मला नंतर कळले. लालबुंदाच्या जवळ गेलेले बीड अचानक गार झाले की वाकते, तडकते. डिस्क वाकली की ब्रेक लावताना पेडल आणि स्टिअरिंग थडथडते. ते नंतर कितीही पॅड बदलले तरी जात नाही.

पौषात काळूबाईच्या यात्रेला, उन्हाळ्यात शिवथरघळीला, किंवा पावसाळ्यात मढे घाटाचे धबधबे पाहायला केळदला निघण्याआधी बॉनेट उघडा. ब्रेक ऑइलच्या टाकीकडे पाहा आणि ते शेवटचे कधी पूर्ण बदलले ते आठवा. आठवत नसेल तर आधी बदलून घ्या, मग घाटात उतरा.